पाण्याला ऊन दाखवताना

हडफड्यात आमची लाँड्री आहे. मडवळांची.
रोज साडेतीनशे चादरी, हॉटेलांच्या,
आणि त्यांवर जे काही असेल ते:
सनस्क्रीन, वाइन, मालिशचं तेल, ओली मेंदी,
कुणाचं तरी फुटलेलं नाक.
सगळं साबणासकट मागच्या टाकीत जातं.
टाकीतून पुढे कुठे, हे बाबांनी कधी विचारलं नाही,
मीही नाही.
मागच्या चराला ठाऊक होतं, पण चर बोलत नाही,
वास मारतो.

मेल्विना फुर्ताद ताळगावच्या पठारावरून आली
प्रयोगशाळेतली पूड बरणीत घेऊन.
बाबांना वाटलं, नवा साबण खपवायला आलीय.
"साबण नव्हे, अंकल. ही नुसती काहीच करत नाही.
हिच्यावर ऊन पडावं लागतं."
बाबा हसले:
उन्हावाचून या घरात
काय निघालंय आजवर, बाय?

गच्चीवर तिनं काचेची ताटं मांडली.
चाचणीसाठी पाण्यात निळा रंग कालवायची
आणि घड्याळ लावून बसायची.
बाबांचा जन्म पाण्यात नीळ घालण्यात गेला,
चिमूट जास्त पडली की धोतर आभाळाएवढं निळं
आणि पाठीत आजोबांचा रट्टा.
आता ही पोर
पाण्यातली नीळ काढायला सहा वर्षं शिकून आलेली.

"उजेड लागला की," ती सांगत होती,
"या थरातला एक इलेक्ट्रॉन जागेवरून उठतो.
मागे राहते ती रिकामी जागा भुकेली असते,
शेजारच्या पाण्याला ओरबाडते,
मग ते चवताळलेलं पाणी
तेलाचे, रंगाचे तुकडे पाडत सुटतं."
आणि पूड?
"पूड होती तेवढीच राहते."
असला कामगार आम्हाला कधी मिळाला नव्हता.

पहिला महिना पूड पाण्याबरोबर वाहून गेली.
आधी पाणी मळकं होतं,
आता मळकं आणि पांढरं.
मीच म्हटलं, पडवीमागे फुटक्या कौलांचा ढीग आहे,
त्यांवर बसेल का ही?
भाजून बसवायची तर पोदेराची भट्टी जवळची,
पण कायतानने आम्हा दोघांना हाकलून दिलं,
माझ्या पावांना औषधाचा वास नको.
मग ती कौलं गोणीत भरून पठारावर गेली
आणि तिच्या भट्टीतून परत आली, पिवळट.
"लोखंड घातलंय थोडं. आता साधं ऊनही पुरेल."
पिवळट रंग पाहून आनंद झाला
असा आमच्या धंद्यातला हा पहिलाच दिवस.

उतरत्या गच्चीवर कौलांच्या रांगा,
वरून टाकीचं पाणी, बोटभर जाड धार.
दुपारी दीडपर्यंत निळा गेला.
दुसऱ्या दिवशी ढग आले, निळा
संध्याकाळपर्यंत तसाच बसून राहिला,
भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखा.

मेल्विना कुपीत पाणी धरून यंत्रात बघते.
बाबा दोन बोटांत घेऊन चोळतात.
"साबण आहे अजून."
यंत्र म्हणालं, बरंच स्वच्छ.
बाबा म्हणाले, बुळबुळीत.
तिनं यंत्राचे आकडे वहीत लिहिले,
आणि त्यांच्याखाली, वेगळ्या शाईनं:
'बुळबुळीत, किंचित. द. मडवळ, उजवा हात.'
बाबांनी ते दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून.

पिण्याचं नाव काढायचं नाही. चादरींनाही अजून नाही.
पायपुसणी त्यात धुतो, गाडी धुतो,
उरलेलं माडांना.
टँकर आठवड्यात सात यायचे, पाच येतात.
चराला वास आहेच,
फक्त खिडकी आता बंद करावी लागत नाही,
निदान सकाळी.

पलीकडच्या माडाची सावली अकराला गच्चीवर चढते
आणि बरोबर चौथ्या रांगेवर पडते.
बाबा खाली काम टाकून वर येतात,
कौलं एकेक करून उन्हात सरकवतात,
सावली पुढे आली की पुन्हा.
गुडघे दुखतात, मग पायरीवर बसून
माडाकडे रागानं बघत राहतात.

उद्या पाडेलीला बोलावलंय,
दोन झावळ्या काढायला.