हातासरशी

डॉक्टर म्हणाले, हिवाळ्यापर्यंत.
मग उजेड आणि सावली, एवढंच कळेल.
त्सिआलाने वरच्या मजल्यावरून पाइपावर पळी आपटली,
दोनदा.
म्हणजे: या, आणि येताना ड्रिल आणा.

रुस्तावीच्या पोलाद कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली,
पण इतकं लोखंड एका खोलीत पाहिलं नव्हतं.
सात कढया, त्यातल्या चारांना कान नाहीत.
बरण्या एकोणीस, झाकणं एक्केचाळीस.
"बाकीची कुठल्या बरण्यांची?"
"माणसांना आलुबुखाराची चटणी भरून दिली.
माणसं गेली. बरण्याही."
तिने झाकणं पिशवीत ओतली.
तो आवाज जिन्यापर्यंत गेला असणार.

"दृष्टीआड सृष्टी म्हणतात ना, बातोनो झाउर?
मग ती आड जायच्या आधी
जागच्या जागी लावून घेऊ."

चाळीस वर्षं तिने शाळेत भूगोल शिकवला,
माझ्या मुलालाही.
तो अजून व्होल्गा काळ्या समुद्रात सोडतो.

मिठाच्या बरणीला एक रबरबँड,
साखरेला दोन, सोड्याला तीन.
निळ्या मेथीला काहीच नको, ती स्वतःच हाक मारते.
झेंडूच्या वाळल्या पाकळ्या कागदी पुडीत,
कारण कागद कुरकुरतो.
मक्याचं पीठ बोटाला रवाळ, गव्हाचं गप्प.
जुळे डबे नकोत. एक ठेवा, एक तुम्ही न्या.
सुऱ्यांतली एकच राहिली, लाकडी म्यानात,
ओट्याच्या डाव्या टोकाला.
उंच दांड्याचे ग्लासही न्या.
(मी सहा नेले. सातवा मागायची लाज वाटली.)

अमिरानचं कॉफीचं जातं तेवढं तिने सोडलं नाही.
दांडा फिरत नाही, दात गंजलेले.
"हे कशाला?"
"हाताला लागलं की कळेल, भिंत आली."
भिंत तर भिंतीनेही कळते.
मी ड्रिल सुरू केलं.

चार दिवसांत पाच फळ्या लागल्या.
चार भरल्या. पाचवी, छातीच्या उंचीवरची, रिकामी.
मी तिच्यावर कढई ठेवायला गेलो,
तिने माझं मनगट धरलं.
"नकाशात सगळीकडे गावं मांडली
तर माणूस बुडतो कुठे, पोहोचतो कुठे?
तो समुद्र आहे. राहू द्या."

मग माझी परीक्षा.
डोळ्यांवर ओट्याचं फडकं, मीठ शोधा.
उजवीकडे जातं, थंड.
पुढे समुद्र. हात पसरला,
कशालाच लागला नाही,
आणि खरं सांगतो, क्षणभर पोटात गोळा आला.
त्यापलीकडे काच, काचेवर एक रबरबँड.
"पास," ती म्हणाली. "काठावर."
माझ्या मुलालाही ती असंच म्हणायची.

रात्री घरी आलो,
दिवा न लावता चहा करायला गेलो.
माझ्या ओट्यावर काय कुठे असतं
मला माहीत आहे असं मला
बायको गेल्यापासून वाटत होतं.

कप फुटला.
साखर म्हणून घातलं ते काय होतं, अजून कळलेलं नाही.
मी खाली बसून तुकडे चाचपत होतो
तेव्हा पाइपावर पळी वाजली,
एकदाच.
एकदाचा अर्थ आमच्यात ठरलेला नव्हता.