उरलेलं मोजताना

कुष्टा वेळीपने नमुना आणला
मासळीच्या थर्माकोलच्या डब्यातून,
केप्याहून बांबोळीपर्यंत, बसमध्ये, मांडीवर धरून.
बर्फ अर्धा वितळलेला,
बांगड्याचा वास मात्र शाबूत.
लुर्दिन नाक मुरडून हसली.
मी नळी उजेडात धरली:
लाल झाक नाही, पेशी फुटलेल्या नाहीत.
घेतली.

वहीत लिहिलं: वय एकोणीस, प्लेटलेट आठ हजार.
नाव लिहायचं नसतं. नमुना एकेचाळीस.
पण खिडकीशी तो तीनदा म्हणाला, शेवंती,
माझी शेवंती,
आणि तिसऱ्यांदा मला ऐकू आलं.

पाटीत शहाण्णव खळगे.
प्रत्येकाच्या तळाशी चिकटून बसलेली प्रतिपिंडं
एकाच संप्रेरकाला ओळखणारी.
रक्तातलं बाकी सगळं धुऊन जाऊ द्यायचं.
वरून दुसरं प्रतिपिंड, रंगाची किल्ली घेऊन आलेलं.
नव्या पोराला लुर्दिन समजावते:
खाली पाव, वर पाव, मधे चोरीस,
चोरीस नसेल तर वरचा पाव टिकत नाही, जातो वाहून.
पोरगं लिहून घेतं. मी हसत नाही,
थेंब मोजते आहे.

कडेचे खळगे मी रिकामे सोडते.
कडा लवकर सुकतात आणि खोटं बोलतात.
प्रत्येक नमुना दोनदा,
कारण माझ्या हातावर माझा तेवढाच विश्वास आहे.
चार वेळा धुवायचं,
पाटी उपडी करून टिपकागदावर आपटायची,
जरा रागानेच.

मग अंधारात पंधरा मिनिटं.
निळं येतं.
आम्ल घातलं की थांबतं, पिवळं होतं,
पिकल्या काजूबोंडाचं पिवळं.
एकेचाळीसचे दोन्ही खळगे
सगळ्यात वरच्या प्रमाणाच्याही पुढे,
यंत्राने आकडाच दिला नाही, नुसतं 'अधिक'.

बाहेर कुष्टा बाकावरून उठला.
"चड आयलां म्हणल्यार बरेंच न्हय?"

लुर्दिनची सासू चिंचिणीला.
एक मुलगा तारवार, दोघे स्विंडनला,
आणि ती अजून सहा जणांचं शीत रांधते.
कोणी सांगितलं तरी हात कमी होत नाही.
रात्री टोपात किती उरलं
त्यावरून कळतं घरात किती माणसं आहेत.
यकृत तसंच.
रोज रांधतं, तेवढंच रांधतं.
प्लेटलेट येतात, आपापला घास घेतात,
त्यांना घडवणाऱ्या हाडांतल्या पेशीही घेतात,
आणि आम्ही मोजतो ते उरलेलं.

हे त्याला कसं सांगू?
म्हटलं, उद्या पातळ करून पुन्हा लावणार.
म्हटलं, एकट्या आकड्यावरून काही ठरत नाही,
डॉक्टर हाडातला मगज तपासतील.
दोन्ही खरं.
त्याने मान डोलावली,
जशी मान डोलावतात तिकीट संपल्यावर.

मग डबा मागितला.
सकाळी बाजाराआधी परत द्यायचा होता,
कोळणीने भरवशावर दिलेला.
मी तो नळाखाली धरला. चार वेळा धुतला.
वास राहिला.