कडा

नोट प्रेसमध्ये एकतीस वर्षं
केदूदादा कडा तपासायचा.
केसाएवढी शाई सरकली
तरी त्याचं बोट नेमकं पोचायचं तिथे.

जेलरोडच्या वळणावर
डावीकडून आलेली रिक्षा
त्याला दिसलीच नाही.
"अंधार होता," म्हणाला.
सकाळचे अकरा वाजले होते.

काचबिंदू.
डोळा दुखला नाही, लाल झाला नाही,
मोतीबिंदूसारखा आधी सांगावाही नाही.
कडेकडेनं खात आला,
मधली अक्षरं शाबूत ठेवून.
गेलं ते परत येत नाही,
उरलंय ते थेंबांवर राखू,
डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
मग माझ्याकडे वळून:
तुम्ही सख्ख्या बहीण ना? वय?

त्रेचाळीस. मला तर चष्माही नाही.
म्हणूनच, त्या म्हणाल्या.

आता पांढऱ्या वाडग्यासमोर हनुवटी टेकवून
बसलेय, एक डोळा झाकून.
कुठेतरी ठिपका उजळतो, बटण दाबते.
उजळतो, दाबते.
मग बराच वेळ काहीच नाही.

ठिपका नाहीये,
की आहे?

बाहेर बाकावर दादा
माझी पर्स मांडीवर घेऊन,
अख्खी मान वळवून
दाराकडे बघत असेल.