बाहेर जागृत चोर

ईलीच्या काळ्या, सपाट शेतांतून
कोसभर आधीच दिसतं ते कॅथीड्रल,
ओहोटीत रुतून बसलेल्या गलबतासारखं.
ग्लेनिस म्हणाली, गावात पार्किंग फुकट, हाच चमत्कार.

दारात डेझमंड, गळ्यात निळा पट्टा, ऐंशीच्या घरातला,
आवाज दवाखान्यातल्या चौकशीच्या खिडकीसारखा मऊ:
"प्रार्थनेला आलात, की बघायला?"
प्रार्थनेला असाल तर पैसे नाहीत.
बघायला असाल तर तिकीट.

एक शब्द खोटा बोललो असतो
तर दोघींचं रात्रीचं जेवण सुटलं असतं.
ग्लेनिसनं कार्ड टेकवलं. यंत्र टुंग वाजलं.
"बासष्ट वर्षांत पहिल्यांदा," ती म्हणाली,
"माझ्या अश्रद्धेची पावती मिळाली."
डेझमंड हसला. त्याला हे नवं नसावं.

ग्लेनिसचं लहानपण वेल्समधल्या पत्र्याच्या चॅपेलात गेलं,
रविवारी तीनदा, टोचणारे लोकरी मोजे घालून.
तिच्या बहिणीला सातव्या महिन्यात, लग्न नव्हतं म्हणून,
भर प्रार्थनेत बाकावरून उठवलं होतं.
हे ती दरवेळी तेवढ्याच शब्दांत सांगते.
तिचं चर्चशी भांडण माहेराशी असावं तसं.
माझं भांडण नाही;
शेजारच्या घरातली भांडी वाजावीत
आणि आपण टीव्ही जरा हळू करावा, तशी मी.

लेडी चॅपेलात भिंतभर दगडी संत
आणि बहुतेकांना डोकं नाही.
पाचेकशे वर्षांपूर्वी हातोडे घेऊन आले,
एकेक मुंडकं उडवून गेले.
कोण, नास्तिक?
"छे, नास्तिक कुठले. आपलेच. जरा जास्त श्रद्धावान."
'आपलेच' तो इतक्या सहज म्हणाला
की क्षणभर मीही त्यात धरली गेले.

मला अप्पा आठवले.
अप्पा देवळात जात नसत, पण घरच्यांना नेत,
कराडहून एसटीनं, जोतिबाला, औंधला,
आणि बाहेर चपलांच्या ढिगाशी उभे राहत,
बिडी न पेटवता ओठांत धरून.
"आत जागृत देव, बाहेर जागृत चोर.
कुणीतरी बाहेरच्याकडेही बघायला हवं."
सुशामावशी प्रसाद आणायची, तो मात्र खात.
साखरेनं माझं काय वाकडं केलंय, म्हणत.

इथे चपला काढत नाहीत.
चिखलाचे बूट थेट वेदीपर्यंत जातात.
म्हणजे अप्पांना इथे कामच नसतं,
आत यावं लागलं असतं.
त्या अष्टकोनी लाकडी कंदिलाखाली मान दुखेस्तोवर वर बघून
त्यांनी एवढंच विचारलं असतं: सुतार कोण?
मी विचारलं.
डेझमंडला नाव पाठ होतं.
ते मी पावतीच्या मागे लिहून घेतलं.

साडेपाचला सायंप्रार्थना. ग्लेनिस म्हणाली,
"थांबू या. सुरांसाठी. शब्दांकडे लक्ष देऊ नकोस."
छत्री माझ्या हातात कोंबून ती पुढे गेली.
पोरांचा आवाज वर चढला, छताशी जरा रेंगाळला,
आणि मागून मला तिचा जबडा हलताना दिसला.
तिला सगळं येत होतं.
लक्ष न देण्याचे शब्दसुद्धा.

मी शेवटच्या खुर्चीवर,
पायांपाशी तिची पिशवी, मांडीवर ओली छत्री.
गुडघे टेकायची वेळ आली तेव्हा सगळे वाकले,
आणि मी पिशवीचा पट्टा घट्ट धरला.
छत्रीचं पाणी आठशे वर्षांच्या फरशीवर ठिबकत होतं.

डेझमंड चवड्यांवर चालत आला,
काही न बोलता एक बादली ठेवून गेला.