माळ्यावरचा माणूस

नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानात,
मागच्या टेबलाशी बसून
मी एकच ओळ मोजत होतो:
सर्व्हर, युजर, पासवर्ड, जोडणी,
आणि जोडणी नाही झाली तर
‘नाहीतर मर’.
दोनशे चौदा वेळा.
दोन हजार नऊ साली हे लिहिणारा मीच.

मंगळवारी क्वार्टर गेटचे डि'सूझा आले.
त्यांच्या आडनावातल्या तिळाएवढ्या चिन्हाला
क्वेरी अडखळली, बिल निघेना.
“वहीत बरं मावायचं माझं नाव,” म्हणाले,
आणि ब्रेक शू न घेताच गेले.

शकील म्हणतो, क्लास लिही.
एकच दार ठेव, जो तो तिथूनच जाईल.
मी म्हणतो, पीडीओ हे दारच आहे की.
दाराला दार लावून काय साधणार?
पुढचा पोरगा येईल,
आधी माझं दार शिकेल, मग खरं,
मग मला शिव्या घालेल.
शकीलने बशीत चहा ओतला.
“शिव्या आत्ताही आहेतच.
दोनशे चौदा ठिकाणांहून.”

तेवढ्यात कुणीतरी स्प्लेंडरची क्लच प्लेट मागितली.
सोपान शिडी चढला, उतरला,
फुंकर मारून डबा काउंटरवर ठेवला.
गिऱ्हाईक माळ्यावर जात नाही.
दिवाळीत सगळा माळा हलवला,
बेअरिंगं डावीकडची उजवीकडे गेली;
बाहेर कुणाला पत्ता नाही.

पण सोपान लग्नाला सासवडला गेला होता,
ते चार दिवसही आठवले.
आणि ते जुन्या येझदीवाले गृहस्थ,
ज्यांना काय हवं ते सांगता येत नाही,
दिसलं की कळतं;
त्यांच्यासाठी शेठ स्वतः शिडी धरतात.

रात्री लिहायला बसलो.
नाव काय ठेवावं यातच अर्धा तास गेला.
चार फंक्शनं झाली.
पाचवं हाताशी येत होतं, येऊ दिलं नाही.
जोडणी मात्र प्रायव्हेट केली नाही,
ठेवली भिंतीला टेकून, शिडीसारखी.
सकाळी शकील म्हणेल, हे काय अर्धवट.
म्हणू दे.

बिलाच्या पानावरची जुनी ओळ खोडली,
डि'सूझांचं नाव टाकलं.
उमटलं. तिळासकट.

आता दोनशे तेरा.