खोली ऐसपैस आहे

"खोली ऐसपैस हाय," आण्णा सांगतायत जालिंदरनानांना.
"ह्या पायरीपास्नं त्या शेवग्यापातुर."
मी आत आलं ठेचता ठेचता
खिडकीतून शेवगा बघते.
बर्लिनची माझी खोली
तिथवर पोचायला
तीनदा अंथरावी लागेल.

गेल्या जूनमध्ये दोघं आले, बारा दिवस.
मालकिणीचा नियम होता : पाहुणे तीन रात्री.
उरलेल्या नऊ रात्री
आईला मी जिन्यात बोलू दिलं नाही.
ती चपला हातात घेऊन चढायची,
देवळात चालल्यासारखी,
आणि दार लागलं की सगळं एकदम बोलायची,
लेंगऱ्यातल्या म्हशीपासून विमानातल्या भातापर्यंत.

गादी इरेनेची. उशा वरच्या मजल्यावरच्या चिदीच्या.
कुकर नांदेडच्या एका मुलाचा,
तो बिचारा स्टेशनवर द्यायला आला
आणि शिट्टी खिशात तशीच घेऊन गेला.
तीन दिवस डाळ पातेल्यात रटरटत राहिली.
मी ओशाळले, तर आई म्हणाली,
"बरं झालं की. शिट्टीनं मालकीण उठली असती."

म्हणजे तिला माहीत होतं.
कधीपासून, ते विचारायचं राहून गेलं.

आण्णा झोपायचे टेबल आणि दाराच्या मध्ये.
दार उघडायचं तर आधी आण्णा उठायला हवेत,
मग गादी दुमडायला हवी,
मग मी आत.
रात्रीचे साडेबारा.
"झाला अभ्यास?"
"झाला. लायब्ररी उशिरापर्यंत असते इथं."
पाचव्या का सहाव्या रात्री
त्यांनी माझा हात दिव्याखाली धरला.
बोटं फुगलेली, टोकाला सुरकुतलेली,
दुसऱ्यांच्या ताटांचा लिंबूसाबणाचा वास.
बराच वेळ बघितलं, सोन्याचा तुकडा बघतात तसं,
घाई न करता.
"तुमच्या लायब्ररीत पाणी लई दिसतंय," म्हणाले,
आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

जाताना मसाल्याच्या डब्याखाली
तीनशे युरो ठेवून गेले.
कुठून बदलून आणले होते, कधी, कुणाला विचारून,
काही कळलं नाही.
नोटांना कांदा-लसणाच्या चटणीचं तेल लागलेलं.
दुकानातल्या बाईनं एक नोट हुंगून बघितली.

आता सुट्टीत मीच घरी पाहुणी.
चार कप घेऊन बाहेर येते.
नाना म्हणतायत,
"तुझी आई पण असंच सांगत फिरायची की रं.
कोइमतूरला माझं पोरगं गादीवर बसतंय म्हणून."
"मग? बसत न्हवतो व्हय?"
"बसायचास. तेजाबाच्या बरणीवर."
दोघं हसतात. एकाच गल्लीत, एकाच भट्टीपुढं
दोघांची बावीस वर्षं गेली,
हे मला माहीत आहे.
हे मात्र माहीत नव्हतं :
आजी तिकडं गेली तेव्हा
आण्णांनी चिंचेनं हात घासघासून घेतले,
तरी बोटं पिवळीच राहिली,
तेव्हा म्हणाले, "दुकानात पूजा हुती आय, हळद लागली."
आजीनं ती हळद
पदरानं पुसली म्हणे.
गेली नाही. तिनं दुसऱ्यांदा पुसली नाही.

"आणि पोरगी?" नाना विचारतात. "तिचं काय?"
"लायब्ररीत असती," आण्णा बशीत चहा ओततात,
"रातच्या बारापातुर."

नाना कप घेतात.
कपापेक्षा जास्त वेळ
माझ्या बोटांकडं बघतात.
कुठं नजर ठेवावी मला समजत नाही.
"पाणी बदललं की हात असं हुत्यातच," म्हणतात,
फुंकर मारतात,
आणि मग आण्णांना, एकदम वरच्या आवाजात :

"शेवग्याला औंदा शेंगा बऱ्या हायत.
पोरीला जाताना बांधून दे.
खोली एवढी मोठी हाय म्हणतोस,
मावतील."