आधी जुने यंत्र मोकळे करा

"सगळं परत आलं," असं मी रान्व्हाला सांगितलं
तेव्हा आवाजात जरा फुशारकी होती.
चूक माझीच.
चार तास बॅकअप उतरत होता नव्या डब्यात,
क्लाक्सव्हीकच्या धक्क्यावर, जाळ्यांच्या लांबलचक शेडमध्ये,
डांबराचा वास, हातात थंड झालेली कॉफी.
आलंही होतं सगळं:
अठरा वर्षांची जाळी, एकेक फास मोजलेला,
भंगारात गेलेल्या बोटींचीसुद्धा,
पुतण्याचे दात पडलेले फोटो,
आणि कचरापेटीत टाकलेलं एक रागीट पत्र.
ते तिनं उभ्याउभ्या वाचलं,
पुन्हा टाकलं.

मग जाळी आखायचा प्रोग्राम उघडला.
एक करडी चौकट.
हे यंत्र ओळखीचे नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली,
लग्नाला भलताच नवरा घेऊन आल्यासारखी.
मी समजावू लागलो:
परवाना आठवणींवर बसत नाही गं, हाडांवर बसतो.
मदरबोर्डचा आकडा, डिस्कचा आकडा,
कुडी बदलली की ओळख संपली.
"पण आत तर तीच आहे ना सगळी?"
आत तीच आहे, म्हणालो,
आणि मला माझंच बोलणं पटेना.

कंपनी आता दुसऱ्या कंपनीच्या पोटात,
फोन लागला कौनासला.
व्हिटेनिस नावाचा मुलगा, सर्दी झालेला, फार सभ्य.
परवाना दोन यंत्रांचा आहे, दोन्ही जागा भरलेल्या आहेत.
आधी जुने यंत्र मोकळे करा.
ते जळलंय.
त्यावर लॉगिन करून मोकळे करा.
जळलंय म्हणजे, धूर निघाला.
बरं. मग दुसरे?
दुसरं बोटीवर होतं. बोट बुडाली.
म्हणजे आपण ते बंद केलंत?
बुडालं.
हो, पण बंद केलंत का?

रान्व्हानं रिसीव्हर माझ्या हातून घेतला
आणि शांतपणे सांगितलं, की माणसं सगळी वाचली,
कॉम्प्युटर काढायला कोणी परत गेलं नाही.
पलीकडे बराच वेळ नुसती सर्दी ऐकू येत होती.
वरिष्ठांना विचारतो, म्हणाला. तीन दिवस.

ट्रॉलर गुरुवारी पहाटे सुटणार होता.
मंगळवारची दुपार होती.
तिनं शेडच्या फरशीवरचा पसारा पायानं बाजूला सारला,
खडू घेतला,
आढ्याला टांगलेलं एक जुनं जाळं खाली उतरवलं
आणि माझ्या हातात टेपचं टोक दिलं.
मी कॉम्प्युटरवाला. गुडघे दुखेपर्यंत टोक धरून बसलो.
ती बोटांनी फास मोजत जायची, पुटपुटायची, खडू ओढायची.
एका जागी थांबली.
हसली.
"हा फास चुकलाय. फाईलमध्येही चुकलेलाच आहे.
दर वेळी म्हणायचे, सुधारते, आणि कधी सुधारला नाही."
या वेळी सुधारला.
म्हणजे बॅकअपमध्ये नाही तेवढं एक
आता फक्त फरशीवर होतं.

बुधवारी रात्रभर चार बायका विणत होत्या.
ट्रॉलर वेळेवर गेला.

शुक्रवारी व्हिटेनिसचा कोड आला, पंचवीस अक्षरांचा.
मी वाचून दाखवला, तिनं एका बोटानं टाइप केला,
शून्य आणि ओ यांच्यात दोनदा फसलो.
प्रोग्राम उघडला, जणू काही झालंच नव्हतं.
त्याच्या लेखी अजून मागचाच सोमवार होता.

जाता जाता मी खात्याची यादी उघडली.
जळालेलं यंत्र त्यांनी पुसलं होतं.
नवं होतं, त्याच्यापुढे हिरवा ठिपका.
आणि खाली आणखी एक हिरवा ठिपका:
बोटीवरचा कॉम्प्युटर. सक्रिय.

हेही काढू का? मी विचारलं.
नळाखाली ती हातावरचा खडू धूत होती.
राहू दे, म्हणाली.
तिसरा कुठे घ्यायचाय आपल्याला.

मी व्हॅन सुरू केली. मागच्या सीटवर
जळका डबा होता, भंगारात द्यायचा.
धक्क्यापलीकडे समुद्र नेहमीसारखा करडा,
आणि त्याच्या तळाशी कुठेतरी
पूर्ण पैसे भरलेला एक परवाना.